मोझॅकची पावलं

नव्या दुकानात फरशी कोणती बसवायची, हे ठरवायला आमच्या दादाजींना अकरा महिने लागले. माझी धाकटी मुलगी त्याच काळात जन्माला आली, तिचं बारसं झालं आणि ती रांगायलाही लागली. फरशी ठरली नव्हती.

मी शालिकराम. बालाघाटच्या बाजारात दादाजींच्या कापड दुकानात एकवीस वर्षं गुमास्ता होतो. ठाण उलगडायचं, मोजायचं, फाडायचं आणि गिऱ्हाईक गेलं की उरलेलं गुंडाळून ठेवायचं, हे माझं काम. मालकाची अक्कल चारचौघांत झाकून घेणं हेही कामातच धरलेलं होतं.

गोष्ट एकोणसत्तर सालची. जुनं दुकान विकून दादाजींनी मोठ्या रस्त्यावर दुमजली इमारत उठवली. खाली दुकान, वर चार खोल्या भाड्याने द्यायला. भिंती झाल्या, स्लॅब पडला, शटर लागलं आणि फरशीपाशी गाडं अडलं. शहाबादी नको, कारण ती स्टेशनवर असते. सिमेंटचा कोबा नको, कारण तो धानाच्या मिलमध्ये असतो. दादाजींना अशी फरशी हवी होती की आत येणारा आधी फरशी पाहील आणि मग कापड. कापड दुकानदाराने असं म्हणावं याला काय म्हणायचं? पण मी मान डोलावली. तेवढ्यासाठीच मला ठेवलं होतं.

ते तीनदा नागपूरला जाऊन आले. दर वेळी पिशवीतून टाईल्सचे नमुने आणले. असे सतरा नमुने जुन्या दुकानाच्या ओट्यावर मांडले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला कौल लावायला सुरुवात केली. परसवाड्याचा एक म्हातारा धोतरजोडी घ्यायला आला, त्याला अर्धा तास उभं केलं.

"सांगा पटेल, यातली कोनती बेस्ट दिसते?"

"सगळ्याच बेस्ट आहेत जी. धोतर दाखवता का?"

मग परीक्षा झाल्या. एका टाईलवर गोडेतेल ओतलं, दुसरीवर हळद चोळली, तिसरीवर स्वतः पानाची पिंक टाकून ती रात्रभर वाळू दिली. शेवटी उरलेल्या दोन टाईल्सवर दादाजी आळीपाळीने मांडी घालून बसले, कोणती थंड लागते ते बघायला. टाईल असते हातभर आणि दादाजींचा घेर तुम्ही पाहिला नाही. उठवायला मी आणि दुकानातला दुसरा गुमास्ता वसंता, असे दोघे लागलो. उठून ते गंभीरपणे म्हणाले, "पांढरी थंडी आहे. पांढरीच घेऊ."

अशी पांढऱ्यावर हिरव्या-काळ्या ठिपक्यांची मोझॅक ठरली. त्याच दुपारी त्यांची बायको गोदाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. टाईल पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "चांगली आहे. पन हिच्यावर गादीच टाकाची नं?"

अकरा महिन्यांत हा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता. कापडाच्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी असते, वर पांढरी खोळ. गिऱ्हाईक चपला काढतं, गादीवर बसतं, मग माल निघतो. आणि लग्नाचा बस्ता असला तर सगळं घरदार बसतं. नवरीचा शालू, नवऱ्याचा कोट, मामाचं धोतर, करवलीचं पातळ, सगळं एका बैठकीत निघतं. सकाळी बसलेली माणसं दिवेलागणीला उठतात. आमचं दुकान बस्त्यांवरच चालायचं. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचे बस्ते मिळाले तर वर्ष निघालं, नाही मिळाले तर दुकानाला कुलूप. नवी इमारत उठवताना दादाजींनी जवळचं सगळं लावलं होतं, त्यामुळे यंदा तर बस्त्यांवाचून इलाजच नव्हता.

गोदाबाईंच्या प्रश्नावर दादाजींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी हुकूम सोडला, "गादी अर्धी करा. अर्ध्यात गादी, अर्ध्यात फरशी." म्हणजे फरशी दिसावी म्हणून बसायची जागा निम्मी झाली.

इथवर नुसता मूर्खपणा होता. पुढचं सांगताना मला माझीही लाज वाटते.

आमच्या गावात छप्पन साली पुष्कळ घरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि देव सोडले. त्याआधी ही माणसं कापड घ्यायला यायची तेव्हा ओट्याखाली पायरीवर बसायची. मी ठाण पायरीवर उलगडायचो, हातात द्यायचो नाही. दीक्षेनंतर ती पायरीवर बसेनाशी झाली. थेट ओट्यावर चढायची, नाहीतर दुसरीकडे जायची. शिवाशिवीविरुद्ध कायदाही झालेला होता, तेव्हा तोंडाने कोणी काही बोलू शकत नव्हतं. दादाजी मग म्हणायचे, "गादीवर जागा नाही बाप्पा, शालिकराम तिथंच दाखवते." गादी रिकामी असायची, आणि मी तिथंच दाखवायचो. आधी पायरीवर, मग ओट्यावर, एकवीस वर्षं असंच दाखवलं.

नव्या दुकानाला मोठा दरवाजा होता आणि पायरी एकच. "हे लोक आता सीधे अंदर येतीन," दादाजींना ही काळजी लागली. आणि एके दिवशी त्यांचा चेहरा उजळला.

"शालिकराम, दरवाज्यात लक्ष्मीची पावलं बसवू. मोझॅकमंधी. लाल पावलं, पांढऱ्या जमिनीवर. दाराच्या या कोन्यापासून त्या कोन्यापर्यंत."

"कायले मालक?"

"अरे, त्याईनं देव सोडले नं? मंग लक्ष्मीच्या पावलावरून दुकानात कसे येतीन? लाज वाटन त्याईले. बाहेरच्या बाहेर जातीन. आपल्याले बोलाचं कामच नाही."

दिवाळीला आपण उंबऱ्यात रांगोळीची पावलं काढतो. ती दुसऱ्या दिवशी पुसली जातात म्हणून माणसांना घरात जाता येतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं. मी बोललो नाही. बोलला तो फकिरा गवंडी. पावलांच्या जोड्या तीन रांगांत, चार हात खोल पट्ट्यात बसवायच्या, असं दादाजींनी सांगितल्यावर त्याने थापी खाली ठेवली.

"मालक, एवढी जागा लक्ष्मीनंच घेतली, तं मानसानं पाय कुठं ठेवाचा?"

"तू टायली बसव," दादाजी म्हणाले.

दिवाळीच्या पाडव्याला दुकान उघडलं. पूजा सांगायला डोमाजी महाराज आले. त्यांनी पावलांवर हळदकुंकू वाहिलं, दूध शिंपडलं, मंत्र म्हटले आणि जाहीर केलं की आता इथे लक्ष्मीचा वास आहे. दादाजींनी मोठी दक्षिणा दिली. आम्ही सगळे आधीपासूनच आत होतो. मग पहिलं गिऱ्हाईक आलं.

लांजीचे तेजराम पाटील, लग्नाच्या तयारीपायी बालाघाटलाच सोयऱ्यांकडे मुक्काम टाकलेले, घरची अकरा माणसं बरोबर. त्यांच्या तीन पिढ्यांचे बस्ते आमच्याकडे बांधलेले. पाटील दारापर्यंत आले, चपला काढल्या, खाली पाहिलं आणि उचललेला पाय मागे घेतला. हात जोडले. त्यांची आई दुर्गाबाई वाकली, पावलांना कपाळ लावलं, पाच पैशांचं नाणं ठेवलं.

"या नं पाटील, अंदर या," दादाजी गादीवरून ओरडले.

"कसं येऊ दादाजी? लक्ष्मी आहे."

"बाजूनं या."

बाजू नव्हती. दादाजींनी ती ठेवलीच नव्हती. पाटलांच्या पोरांनी उडी मारायची तयारी दाखवली, पण दुर्गाबाईंना सत्तरी उलटलेली, अंगावर नऊवारी लुगडं. त्या म्हणाल्या, "मले उडी माराले लावता का या वयात?" मागच्या दाराने यावं म्हटलं तर तिकडे गटार. बस्ता घ्यायला आलेलं कुटुंब गटारावरून कसं येणार? पाटलांनी पुन्हा नमस्कार केला आणि ते रस्ता ओलांडून समोर घनश्यामच्या दुकानात शिरले. तिथे शेणाने सारवलेली जमीन होती आणि तिच्यावर गादी, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

त्यानंतर महिनाभर हेच. माणसं यायची, वाकायची, फूल ठेवायची आणि समोर जायची. बायका शुक्रवारी हळदकुंकू घेऊन यायला लागल्या. वसंता आणि मी गटारावरून कामावर यायचो आणि दिवसभर आपली फरशी पुसायचो. फरशी खरोखर थंड होती.

"पावलं काढून टाकू मालक," मी एकदा म्हणालो.

"लक्ष्मीवर छिन्नी चालवू? या धंद्यात राहून?"

फकिराला विचारलं तर त्याने दोन्ही कान पकडले. दुसरा गवंडीही तयार होईना. वर सतरंजी टाकून पाहिली, तर दुर्गाबाई बाहेरून म्हणाल्या, "लक्ष्मीले झाकली का? अरे देवा!" आणि गावभर ते झालं. दादाजींनी सतरंजी काढली. लग्नसराई तोंडावर आली होती. दादाजी रोज गादीवर बसून समोर घनश्यामकडे शिरणारी माणसं बघायचे आणि त्यांना जेवण जायचं नाही. मला त्यांची दया यायची नाही. माझ्या पगाराची काळजी मात्र वाटायची.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी जिजाबाई आली. बरोबर नवरा पुनाराम, जो तिरोडीच्या मँगनीज खाणीत मजुरांवरचा मेट होता, लेक पुष्पलता आणि दोन जावा. पुष्पलताचं लग्न ठरलं होतं. ही जिजाबाई तीच, जिच्या स्वतःच्या लग्नाचं लुगडं मी पायरीवर टाकलं होतं. ते तिलाही आठवत होतं आणि मलाही. तिने दारात चपला काढल्या, खालच्या लाल पावलांकडे पाहिलं आणि सरळ चालत आत आली. मागून बाकीचे आले. कोणाला लाज वाटली नाही, कारण वाटायचं काही कारणच नव्हतं. त्यांच्यासाठी ती टाईल होती.

दादाजींचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी त्या महिन्यातलं पहिलं गिऱ्हाईक पाहिलं आणि त्यांच्या तोंडून शब्द निघाले, "या, या जिजाबाई. बसा नं. गादीवर बसा." एकवीस वर्षं ते तिला 'काय वं जिजे' म्हणत होते.

ती बसली. खोळीवरून एकदा हात फिरवला. म्हणाली, "सेठ, माह्या पोरीचा बस्ता मी गादीवर बसूनच बांधीन असं ठरवलं आहे. तशी सोय नसन तं आताच सांगा."

"म्हंजे काय! गादी तुमचीच आहे."

"व्याही गोंदियाचे आहेत. त्याईच्या मानसाईसमोर मांगून काही बोलसान तं जमनार नाही."

"लक्ष्मीच्या समोर शब्द देतो," दादाजी म्हणाले. जिजाबाईने पावलांकडे एक नजर टाकली.

मी पांढरी पातळं काढली. त्यांच्याकडे लग्नात पांढरं नेसतात. पुष्पलताने त्यातली चार वेगळी ठेवायला लावली. रविवारी व्याही आले की दोन्हीकडची माणसं बसून पुरा बस्ता बांधू, असं ठरवून ती मंडळी आली तशी पावलांवरून निघून गेली.

सगळ्या बाजाराने हे पाहिलं. शुक्रवारी सकाळी दुर्गाबाई दारात उभ्या. पाटलांचा बस्ता घनश्यामकडे अर्धाच झाला होता, मनासारखा शालू मिळाला नव्हता. त्यांनी मला विचारलं, "काहून रे शालिकराम, ते लोक यावरून गेले म्हनतात?"

"हौ."

"पाय देऊन?"

"हौ. दोन टाईम. अंदर आले तवा, बाहेर गेले तवा."

दुर्गाबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग आता कायची लक्ष्मी?" असं म्हणून त्यांनी लाल पावलावर आपलं पाऊल टाकलं आणि आत येऊन लोडाला टेकून बसल्या. "शालू काढ. पिवळा. जरीचा."

असं झालं ते. देव बाटला, आणि बाटला म्हणून दार मोकळं झालं. शनिवारपर्यंत दुकानात बसायला जागा उरली नाही. परसवाड्याची, लांजीची, कुठकुठली माणसं लक्ष्मीवरून बिनधास्त ये-जा करत होती. कोणाचा तरी चिखलाचा पायही उमटला. दादाजी हसत होते, चहा मागवत होते. हे कोणामुळे झालं, हे त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. माझ्याही नाही.

रविवारी दहा वाजता जिजाबाई आली. बरोबर व्याही-विहीण आणि दोन्हीकडची मिळून वीस-बावीस माणसं. गादीवर पाटलांचं कुटुंब पसरलेलं. अर्धी गादी, ती कितीशी पुरणार? दादाजींनी एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मला वाटलं, ते पाटलांना थोडं सरकायला सांगतील. खरंच वाटलं. एकवीस वर्षांनंतरही मला असं वाटलं, म्हणजे मीही मूर्खच.

"काय वं जिजे," ते म्हणाले, "आज गादीवर जागा नाही बाप्पा. तिथं बाहेर पायरीवर बसा, सावली आहे. शालिकराम तिथंच दाखवते."

जिजाबाईचा चेहरा व्याह्यांसमोर पडला. पुनाराम पुढे सरसावला, तिने त्याला हाताने थांबवलं. विहीणबाई विचारत होत्या, "बाहेर काहून? अंदर तं येवढी जागा दिसून राह्यली." जागा होतीच. अर्ध्या दुकानात पांढरीशुभ्र मोझॅक मोकळी पडली होती, नुसती दिसण्यासाठी.

जिजाबाई आत आली आणि त्या मोझॅकवर मधोमध मांडी घालून बसली. "गादी राहू द्या सेठ त्याईले. ही फरशी बेस्ट आहे. बसा वो विहीनबाई, बसा सगळे." बावीस माणसं बसली. ज्या फरशीवर अकरा महिने घातले, तिच्यावर गिऱ्हाईक पहिल्यांदा बसलं ते हे.

"शालिकराम!" दादाजी ओरडले. "तुले बाहेर दाखवाले सांगतलं नं?"

मी काही शूर माणूस नाही. पण त्या दिवशी माझ्या हातात ठाण होतं आणि समोर पुष्पलता मान खाली घालून बसली होती. तिच्या आईच्या वेळी मी काय केलं होतं ते मला जसंच्या तसं दिसलं. मी फरशीवर तिच्यासमोर बसलो आणि ठाण तिच्या हातात दिलं.

संध्याकाळपर्यंत जिजाबाईने एकेक कपाट उघडायला लावलं. पोत पाहिलं, काठ पाहिले, उन्हात नेऊन रंग पाहिला. मी सगळं दाखवलं. फरशी दिसेनाशी झाली एवढं कापड पसरलं. दिवे लागल्यावर ती उठली, लुगडं झटकलं.

"माल चांगला आहे तुमचा. पन बस्ता आम्ही उद्या गोंदियाले बांधू. सकाळच्या गाडीनं जातो."

बावीस माणसं एकेक करून लाल पावलांवरून बाहेर पडली. पाटलांच्या घरातले आणि आम्ही सगळे बघत राहिलो. दादाजी रागाने उठले. "फरशी बाटवली!" ते म्हणाले. "दिवसभर बसून सगळी फरशी बाटवली!" आणि लगेच डोमाजी महाराजांकडे माणूस धाडला.

सोमवारी पहाटे महाराज आले. गोमूत्राने सगळं दुकान धुतलं, पावलांवर पंचामृत घातलं, तासभर मंत्र म्हटले. मी मागच्या दारात उभा होतो. बोललो नाही. या वेळी मुद्दाम बोललो नाही.

दहा वाजता दुर्गाबाई आल्या. पाटलांचं अजून नवऱ्याचं कापड राहिलं होतं. त्या दारात थबकल्या, हवेतला वास घेतला.

"शुद्ध केलं वाटते, दादाजी?"

"हौ माय! सगळं. मंत्रानं," दादाजी अभिमानाने म्हणाले. "पुन्हा लक्ष्मी बसवली."

"बरं केलं बाप्पा," दुर्गाबाई म्हणाल्या. वाकून पावलांना कपाळ लावलं, पाच पैसे ठेवले आणि रस्ता ओलांडून घनश्यामकडे गेल्या. त्यांच्यामागून परसवाड्याची मंडळी आली, तीही वाकली आणि गेली. दुपारपर्यंत आमची गादी रिकामी.

तीन दिवस दादाजी बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"शालिकराम, तू जाय त्या जिजाबाईकडे. तुह्यं ऐकन ते. म्हनाव, कापड नाही घेतलं तरी चालन. फक्त एक डाव या दारातून अंदर-बाहेर करून जाय. दोन-चार मानसं घेऊन ये म्हनाव. चहा पाजीन मी."

मी गेलो. जिजाबाई अंगणात गोंदियाहून आणलेला बस्ता उघडून बसली होती, शेजारणी पातळं बघत होत्या. मी खाली मान घालून निरोप सांगितला. शेजारणी हसल्या. जिजाबाईने हातातलं पातळ घडी करून मांडीवर ठेवलं.

"त्याईले सांगा," ती म्हणाली, "देव तुमचा, दार तुमचं. आता पाय बी तुमचेच टाका."

मी परत आलो, गटारावरून आत शिरलो आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. दादाजी उठून दारापाशी गेले. एक पाय उचलला. समोर घनश्यामच्या दुकानातून पाटील, दुर्गाबाई, सगळे बघत होते. दादाजींनी पाय बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग खाली वाकून त्यांनी पावलांना नमस्कार केला.